निवृत्तीच्या खात्यात नेमके किती भरू?

वाचकाचे पत्र

नमस्कार ताई,
गेल्या वर्षी मे अखेर मी नोकरी सोडली आणि जूनपासून स्वतःचे काम सुरू केले. औषध कंपन्यांसाठी क्लिनिकल ट्रायलच्या डेटाचे काम करते. ग्राहक दोन, दोघांकडूनही १०९९-एनईसी (स्वतंत्र व्यावसायिकाला दिलेल्या पैशांचा कर-फॉर्म) आला आहे. एकूण ७१,००० डॉलर मिळाले, खर्च ७,००० वजा जाता ६४,००० उरले. माझे वय ५१. नोकरीतल्या पाच महिन्यांत जुन्या कंपनीच्या ४०१(के) या निवृत्ती योजनेत माझे ९,००० डॉलर गेले होते.

आता घरीच सॉफ्टवेअर घेऊन टॅक्स भरायला बसले आणि डोके फिरायची वेळ आली. एसईपी (स्वतंत्र व्यावसायिकांचे निवृत्ती खाते) निवडले की सॉफ्टवेअर म्हणते, जास्तीत जास्त ११,८९६. सोलो ४०१(के), म्हणजे एकट्याच्या धंद्याचा ४०१(के), निवडले की म्हणते ४२,८९६. ब्रोकरेज कंपनीच्या माहितीपत्रकात ७०,००० छापले आहे. मैत्रीण म्हणते, सरळ मिळकतीच्या २५ टक्के धर, म्हणजे १७,७५०. यातला माझा आकडा कोणता? अजून एकही खाते उघडलेले नाही, मग २०२५ साठी उशीर झाला का? पुण्याहून भाऊ सांगतो, पीपीएफमध्ये टाक, तिथे तरी ही कटकट नाही.
– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर

नमस्कार.

आधी आकडे सांगते, कारण तुम्ही त्यासाठीच लिहिले आहे. एसईपी घेतलेत तर ११,८९५. सोलो ४०१(के) घेतलेत तर ३३,८९५. सॉफ्टवेअरने दाखवलेला ४२,८९६ हा आकडा तुमचा नाही. त्यात आणि माझ्या आकड्यात ९,००० चा फरक का आहे, हे तुमच्या पत्रातच लिहिलेले आहे. त्याकडे येतेच. (वरचा एक डॉलर पूर्णांकात आणण्याचा आहे. फॉर्मवर तो चालतो, पण खात्यात भरताना मी नेहमी खालचा आकडा धरायला सांगते. काही सेंटसाठी मर्यादा ओलांडायची कशाला?)

मैत्रिणीचे २५ टक्के कायद्यात आहेत, पण दोन ठिकाणी घोटाळा झाला आहे. पहिला असा, की टक्केवारी ७१,००० वर लागत नाही. खर्च वजा जाऊन शेड्यूल सीच्या (धंद्याच्या नफा-तोट्याच्या फॉर्मच्या) ३१ व्या ओळीवर जे ६४,००० येतात, तिथून मोजायला सुरुवात होते. त्यातूनही अर्धा सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स (स्वतंत्र व्यावसायिकाने भरायचा सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा कर) वजा करायचा. तो असा निघतो: ६४,००० चे ९२.३५ टक्के म्हणजे ५९,१०४, त्यावर १५.३ टक्के म्हणजे ९,०४३, त्याचा अर्धा साधारण ४,५२१. ६४,००० मधून हे काढले की ५९,४७९ उरतात.

दुसरा घोटाळा जास्त लोकांचा होतो. कायदा म्हणतो पगाराच्या २५ टक्के. नोकरदाराला पगार वेगळा मिळतो आणि कंपनी तिचा वाटा वरून भरते. तुमच्याकडे ते 'वरून' कुठून येणार? तुम्हीच मालक, तुम्हीच नोकर, आणि वाटाही त्याच ५९,४७९ मधून जाणार. म्हणून स्वतंत्र व्यावसायिकाचा 'पगार' म्हणजे वाटा काढून झाल्यावर जे उरते ते. ताळा करून पाहा. ५९,४७९ मधून ११,८९६ काढा, ४७,५८३ उरतात. त्या ४७,५८३ चे २५ टक्के किती? बरोबर ११,८९६. म्हणजे मूळ रकमेवर २५ नाही, २० टक्के. आयआरएसच्या (अमेरिकेच्या कर खात्याच्या) पब्लिकेशन ५६० मध्ये यासाठी खास तक्ता दिलेला आहे आणि टर्बोटॅक्स असो, एच अँड आर ब्लॉक असो की आणखी कुठले, सगळ्यांना हेच गणित करावे लागते. एसईपीच्या बाबतीत तुमच्या सॉफ्टवेअरने ते चोख केले आहे. मैत्रिणीच्या हिशेबाने १७,७५० भरले असते, तर ५,८५५ जास्त गेले असते आणि ते मुदतीत, त्यावरच्या कमाईसकट, बाहेर काढायचा खटाटोप मागे लागला असता. न काढल्यास दरवर्षी ६ टक्के जादा कर लागू शकतो.

आता सोलो. यात दोन वाटे असतात. मालक म्हणून भरायचा वाटा वरचाच, ११,८९५. त्याशिवाय नोकर म्हणून स्वतःच्या कमाईतून कापून घ्यायचा वाटा: २०२५ साठी २३,५००, आणि वय ५० पूर्ण असल्यामुळे तुम्हाला आणखी ७,५०० ची मुभा. झाले ३१,०००. (वर्षअखेर वय ६० ते ६३ असलेल्यांना २०२५ पासून ७,५०० ऐवजी ११,२५० भरता येतात. तुम्हाला अजून वेळ आहे.) एसईपीमध्ये हा दुसरा वाटा नाहीच, म्हणून तुमच्यासारख्या मध्यम नफ्याच्या व्यवसायात दोन खात्यांमध्ये एवढी तफावत दिसते.

मात्र ही नोकराच्या वाट्याची मर्यादा माणसाची असते, योजनेची नाही. वर्षभरात तुम्ही तीन नोकऱ्या करा, वर स्वतःचा धंदा करा, सगळ्या ४०१(के) मिळून कपात तेवढीच. जुन्या कंपनीत गेलेले ९,००० त्यातून वजा होतात आणि तुमच्याकडे २२,००० उरतात. २२,००० अधिक ११,८९५, झाले ३३,८९५. नवऱ्याच्या ऑफिसातल्या ४०१(के) चा याच्याशी काही संबंध नाही. त्याची मर्यादा त्याची.

मालकाच्या वाट्याची गोष्ट उलट आहे. ती मर्यादा धंद्यागणिक असते. जुन्या कंपनीने तुमच्या खात्यात जे मॅचिंग टाकले, त्याने तुमच्या ११,८९५ ला धक्का लागत नाही. हा भेद ज्याला नीट कळला, त्याला सॉफ्टवेअरचे अर्धे प्रश्न आपोआप कळतात.

मग सॉफ्टवेअरने ९,००० का सोडले? माझा अंदाज असा, की तुम्ही आधी धंद्याचा भाग भरलात आणि जुन्या कंपनीचा डब्ल्यू-२ (पगाराचा वार्षिक फॉर्म) अजून घातलेलाच नाही. त्या डब्ल्यू-२ च्या १२ नंबरच्या चौकटीत 'डी' अक्षरासमोर ९,००० असतील. ते आत गेल्याशिवाय सॉफ्टवेअरला तुमची जुनी नोकरी ठाऊक कशी होणार? डब्ल्यू-२ घालून झाला की निवृत्ती योजनेच्या पानावर परत या. तिथे 'दुसऱ्या योजनांमध्ये केलेली कपात' अशा अर्थाचा प्रश्न किंवा रकाना दिसतो का ते बघा आणि ९,००० तिथे आहेत याची खात्री करा. 'मॅक्सिमाइझ' अशी चौकट टिचकावून मोकळे होऊ नका. हिशेबाचे वर्कशीट उघडून डोळ्यांनी पाहा. ही कपात जास्त झाली आणि १५ एप्रिलपर्यंत परत काढली नाही, तर त्याच पैशावर दोनदा कर बसतो, एकदा या वर्षी आणि एकदा निवृत्तीत काढताना.

७०,००० चे कोडे सोपे आहे. एका धंद्यातल्या योजनेत दोन्ही वाटे मिळून जाऊ शकणारी २०२५ ची ती सर्वांत वरची रेषा आहे, वयाची जादा मुभा सोडून. निव्वळ एसईपीने तिथवर पोचायचे तर वर सांगितलेल्या वजावटीनंतरची मिळकत साडेतीन लाख हवी. जाहिरातीत मोठा आकडा छापायचा असतो, एवढाच त्याचा तुमच्याशी संबंध.

सॉफ्टवेअरमध्ये आणखी तीन जागा निसरड्या आहेत. १०९९-एनईसी 'इतर उत्पन्न' म्हणून घातला, तर शेड्यूल सी तयारच होत नाही आणि निवृत्ती खात्याची मर्यादा शून्य येते. तुमचे तसे झालेले नाही, आकडे आले म्हणजे ती पायरी बरोबर आहे. दुसरी, एसईपी-आयआरए या नावात आयआरए (वैयक्तिक निवृत्ती खाते) असल्यामुळे लोक ती रक्कम साध्या आयआरएच्या पानावर टाकतात आणि मग सॉफ्टवेअर ओरडायला लागते, कारण तिथली २०२५ ची मर्यादा ७,००० आहे, तुमच्या वयाला ८,०००. तिसरी जागा सगळ्यांत वाईट, कारण तिथे चुकले की सॉफ्टवेअर ओरडत नाही. उलट रिफंड वाढलेला दिसतो आणि माणूस खूश होतो. शेड्यूल सीच्या १९ व्या ओळीवर पेन्शन योजनेचा खर्च घालायची सोय आहे. ती ओळ तुमच्या हाताखालच्या कर्मचाऱ्यांसाठी भरलेल्या रकमेची. स्वतःसाठी भरलेले पैसे तिथे नाही, वैयक्तिक रिटर्नच्या शेड्यूल १ च्या १६ व्या ओळीवर जातात. १९ वर घातले, तर नफाच कमी दिसतो आणि सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्सही घटतो, जो घटायला नको. छापील प्रत काढून ही एक ओळ पाहाच: १९ रिकामी, १६ भरलेली.

रिफंडच्या आकड्याबद्दल अजून एक. तुम्ही खात्यात १,००० डॉलर भरले, की करपात्र उत्पन्न १,००० ने उतरेल असे वाटते. तुमच्या बाबतीत बहुधा ८०० ने उतरेल. छोट्या धंद्यांना नफ्याच्या २० टक्क्यांपर्यंत जी क्यूबीआय वजावट मिळते, तिचा पायाच निवृत्ती खात्यातल्या रकमेने कमी होतो. म्हणजे २२ टक्क्यांच्या टप्प्यात असाल, तर हजारामागे २२० ऐवजी १७६ वाचतात. तरीही फायदा आहेच. पण सोलोमधली नोकराची कपात रॉथ पद्धतीनेही (कर आज भरायचा, निवृत्तीत काढताना नाही) करता येते. त्यात आज वजावट मिळत नाही, मात्र क्यूबीआयलाही धक्का लागत नाही. २०२५ मधले घरचे एकूण उत्पन्न कमी असेल, तर रॉथचा विचार जरूर करा. रॉथची रक्कम १६ व्या ओळीवर घालायची नाही, हे मात्र लक्षात ठेवा.

उशिराबद्दल: नाही झाला, पण दोन खात्यांची घड्याळे वेगळी चालतात. एसईपी रिटर्न भरायच्या मुदतीपर्यंत उघडताही येते आणि भरताही येते. मुदतवाढ घेतली, तर १५ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. सोलोचे पूर्वी असे होते, की नोकराच्या कपातीसाठी योजना ३१ डिसेंबरच्या आत हवी. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या सिक्युअर २.० कायद्याने, एकट्या मालकाच्या आणि दुसरा कोणीही कर्मचारी नसलेल्या धंद्याला पहिल्या वर्षापुरती सवलत दिली. वर्ष संपल्यावर योजना सुरू करून मागच्या वर्षाची कपात भरता येते, पण १५ एप्रिलच्या आत. इथे मुदतवाढ कामाला येत नाही. मालकाच्या वाट्यासाठी ती चालते.

कायद्याने दिले, तरी ब्रोकरेज कंपनी देईलच असे नाही. काहींच्या छापील करारात मागच्या वर्षाची तारीख बसत नाही. म्हणून फोन करून एवढेच विचारा: "योजना २०२५ पासून लागू धरून, मला २०२५ ची कर्मचारी कपात आता भरता येईल का?" समोरचा माणूस "एम्प्लॉयर कॉन्ट्रिब्युशन चालेल" असे उत्तर देऊ लागला, तर तो वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देतोय. पुन्हा विचारा. फोनच्या आधी आयआरएसच्या संकेतस्थळावरून ईआयएन (धंद्याचा कर-ओळख क्रमांक) काढून ठेवा. तो फुकट मिळतो आणि ऑनलाइन लगेच हाती येतो. त्यासाठी पैसे मागणारी पाने शोधात वर दिसतात, तिकडे जाऊ नका.

दोन्हींपैकी कोणते? मर्यादा म्हणजे उद्दिष्ट नव्हे. एप्रिलमध्ये तुम्हाला ९,०४३ चा सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्सही द्यायचाय, नवा धंदा आहे, दोनच ग्राहक आहेत आणि त्यातला एक गेला तर काय, हा विचार तुम्ही केलाच असेल. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवून जे उरते ते १२,००० च्या आत असेल, तर यंदा एसईपी उघडा. पानभर कागद, काम संपले. हाताशी त्याहून बरेच जास्त असेल आणि ब्रोकरेज हो म्हणाली, तर सोलो. दोन्ही एकाच वर्षी करायला जाऊ नका. एसईपीसाठी सहसा वापरतात तो आयआरएसचा तयार फॉर्म, ५३०५-एसईपी, दुसरी योजना असताना चालत नाही.

यंदा नाही जमले, तरी २०२६ साठी सोलो मला तुमच्या दृष्टीने उजवे वाटते. नोकराची कपात २४,५००, वयाची मुभा ८,०००, वरची रेषा ७२,०००, आणि या वर्षी नोकरी नसल्यामुळे वजा करायलाही काही नाही. फक्त दोन पथ्ये. पुढे कोणी पूर्णवेळ मदतनीस ठेवलात, तर सोलो 'सोलो' राहत नाही (नवरा चालतो). आणि जुन्या कंपनीचा ४०१(के) उचलून सोलोमध्ये आणायचा मोह होईल, तेव्हा बेरीज करा. वर्षअखेर खात्यात अडीच लाख डॉलरच्या वर गेले, की दरवर्षी ३१ जुलैपर्यंत ५५००-ईझेड फॉर्म भरावा लागतो. त्यावर कर काही नसतो, म्हणून लोक विसरतात, आणि उशिराचा दंड दिवसाला २५० डॉलर आहे.

न्यू जर्सीचे थोडक्यात. एसईपीत भरलेल्या रकमेची वजावट फेडरल करात मिळते, न्यू जर्सीच्या राज्य करात नाही. तेव्हा सॉफ्टवेअरने राज्याचे उत्पन्न जास्त दाखवले तर दचकू नका. पण दरवर्षी किती भरले त्याचे कागद जपून ठेवा. ज्या पैशावर राज्याने आज कर घेतला, तोच पैसा निवृत्तीत काढताना त्यावर पुन्हा कर द्यायचा नसतो, आणि वीस वर्षांनी ते सिद्ध करायचे काम तुमचेच.

राहिला पुण्याचा भाऊ. त्याचा हेतू चांगला आहे, पण अनिवासी भारतीयाला नवे पीपीएफ खाते उघडताच येत नाही. जुने असेल, तर मुदतपूर्तीपर्यंत चालू ठेवता येते, वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत. मात्र त्यात भरलेल्या पैशाची अमेरिकेत वजावट नाही, आणि भारतात करमुक्त असलेले त्याचे व्याज इथल्या रिटर्नमध्ये दाखवावे लागते. म्हणजे 'तिथे कटकट नाही' हे भावापुरते खरे. उलट, पुढेमागे कायमचे पुण्याला परतायचा विचार असेल, तर इथल्या खात्यांसाठी भारताने २०२१ मध्ये एक चांगली तरतूद केली आहे. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडातल्या निवृत्ती खात्यांवरच्या कमाईवर भारतात दरवर्षी कर न लागता, तो पैसे काढाल त्या वर्षी लागावा, असा पर्याय निवडता येतो. त्यासाठी १०-ईई हा फॉर्म मुदतीत भरावा लागतो आणि एकदा निवडलेला पर्याय मागे घेता येत नाही. १ एप्रिल २०२६ पासून तिकडे नवा प्राप्तिकर कायदा लागू होतोय, तेव्हा कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलतील. परतायचे ठरले, की तिथल्या सीएला विमानाची तिकिटे काढण्याआधी भेटा.

सध्या मात्र एवढेच करा: आज डब्ल्यू-२ आत घाला, सोलोचा आकडा ३३,८९५ च्या आसपास येतो का पाहा आणि याच आठवड्यात ब्रोकरेजला फोन लावा. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांच्याकडे अर्जांची भाऊगर्दी होते आणि खाते उघडायलाच दिवस जातात.